घोयऱ्याच्या आहारासाठी टोळांची पैदास

मे २०२० च्या अखेरच्या आठवड्यात अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांवर टोळधाडीचे संकट कोसळले. राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून आलेले थवे संत्र्यांच्या बागांवर आणि भाजीपाल्याच्या शेतांवर उतरले. दिवसा थाळ्या व डबे वाजवून त्यांना उठवावयाचे आणि रात्री झाडांवर विसावलेल्या थव्यांवर पाण्याच्या बंबांनी औषध फवारावयाचे, असा क्रम कृषी विभागाचे कर्मचारी व ग्रामस्थ यांनी काही दिवस चालविला. तरुण पिढीतील बहुसंख्य शेतकऱ्यांना टोळ हा कीटक तोपर्यंत केवळ ऐकून माहीत होता.

ज्याच्या नायनाटासाठी शासनयंत्रणा रात्रीचा दिवस करते, त्याच कीटकाची ब्रिटन, जर्मनी आदी युरोपीय देशांत मात्र काळजीपूर्वक पैदास केली जाते. तेथील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत जिवंत टोळ प्लॅस्टिकच्या लहान डब्यांतून, आकारमानाप्रमाणे वेगवेगळ्या दराने, मोजून विकले जातात. अनेक हौशी लोक दुकानावर विसंबून न राहता घरच्या घरी, एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात जाळीची पेटी मांडून त्यांची वीण करतात. हा सारा खटाटोप ज्याच्यासाठी चालतो, तो प्राणी म्हणजे घोयरा सरडा.

जिवंत भक्ष्याची अट

घोयरा आपल्याकडे अपरिचित नाही. काही भागांत त्याला सरडगुहिरा असे म्हणतात. शॅमेलिऑन हे त्याचे इंग्रजी नाव शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात मात्र एकच जाती आहे. युरोप-अमेरिकेत घरोघरी पाळल्या जाणाऱ्या जाती मुख्यतः दोन : येमेन व सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील, डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा असलेला येमेनी घोयरा आणि मादागास्करचा भडक रंगांचा चित्ता-घोयरा.

या प्राण्याची शिकारीची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे दोन डोळे भक्ष्याचा मागोवा घेतात. दोन्ही डोळे एका लक्ष्यावर स्थिरावले, की शरीराच्या लांबीइतकी किंवा तिच्याहूनही लांब जीभ क्षणार्धात बाहेर फेकली जाते. या पद्धतीतच पाळणाऱ्याची अडचण दडलेली आहे. घोयऱ्याचे लक्ष हालचालीकडे वेधले जाते. समोर ठेवलेला मेलेला किडा, वाळविलेले खाद्य किंवा मांसाचा तुकडा त्याच्या लेखी जवळजवळ अस्तित्वातच नसतो. येमेनी घोयरा पाने व फुले थोडीफार खातो, हा एक अपवाद. परंतु त्याचेही पोषण पानांवर होत नाही. कुत्र्याला भाकरी घालावी किंवा पोपटाला पेरू द्यावा, तसे काही येथे चालत नाही. घोयरा पाळावयाचा म्हणजे त्याच्यासाठी कीटकांची एक जिवंत वसाहत अखंड चालू ठेवावयाची, हे ओघानेच येते. आणि सरडा विकत घेताना ग्राहकाच्या सहसा ध्यानात न येणारी गोष्ट नेमकी हीच असते.

बागेतले, माळावरचे नाकतोडे पकडून आणावेत, असा सोपा मार्ग प्रथमदर्शनी सुचतो. उन्हाळ्यात काही पाळणारे तसे करतातही. परंतु शेतातील व बागेतील कीटकांच्या अंगावर आणि पोटात कीटकनाशकांचा अंश असू शकतो, तसेच त्यांच्याबरोबर परोपजीवी जंतूही येतात. शिवाय काही कीटक स्वतःच विषारी असतात. आपल्याकडे रुईच्या झाडावर निळ्या-पिवळ्या रंगांचा जो देखणा नाकतोडा दिसतो, तो रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये आपल्या शरीरात साठवितो आणि डिवचल्यास द्रवाची चिळकांडी उडवितो. भडक रंग हा कीटकसृष्टीत बहुधा इशाराच असतो. शिवाय युरोपातील थंडीत पाच-सहा महिने नाकतोडा दृष्टीस पडत नाही. घोयऱ्याची भूक मात्र दिव्यांनी उबदार ठेवलेल्या खोलीत बाराही महिने कायम राहते.

नाकतोडा मागे पडला, टोळ पुढे आला

टोळ हा मुळात नाकतोडाच आहे. विरळ वस्तीत एकेकटा राहणारा हा कीटक दाटीवाटी होताच रंग, रूप आणि स्वभाव बदलतो व थव्याने संचार करू लागतो, एवढाच काय तो फरक. पूर्वी या दोन अवस्था म्हणजे दोन स्वतंत्र जाती मानल्या जात. रशियात जन्मलेले आणि पुढे लंडनमध्ये कार्य केलेले कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ साली त्या एकाच जातीच्या दोन अवस्था असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १९४५ मध्ये लंडन येथील टोळप्रतिबंधक संशोधन केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली. या केंद्राचे उद्दिष्ट आफ्रिका व आशियातील पिकांचे टोळांपासून रक्षण करण्याचे होते. परंतु शत्रूचा अभ्यास करावयाचा, तर शत्रू वर्षभर हाताशी हवा. आणि लंडनच्या हवेत वाळवंटी टोळ आणावयाचा कोठून? म्हणून केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पेटीत टोळ वाढविण्याची पद्धत बारकाईने बसविली. पेटीची रचना, वाळूतील ओलावा, दिवसाचे व रात्रीचे तापमान, खाद्याचे प्रमाण या सर्व बाबी निश्चित करण्यात आल्या. ही पद्धत पुढे शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत गेली आणि तेथून सरडे पाळणाऱ्यांच्या घरात. दुष्काळ टाळण्यासाठी मिळविलेले ज्ञान सरड्याचे पोट भरण्यास उपयोगी पडावे, हा शास्त्राच्या इतिहासातील एक गमतीचा प्रवास म्हणावा लागेल.

टोळाची निवड होण्यास आणखी एक कारण आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. थंड अथवा कोरडा ऋतू असलेल्या प्रदेशांतील अनेक नाकतोड्यांची अंडी घातल्याबरोबर वाढीस लागत नाहीत. जमिनीत कित्येक महिने सुप्तावस्थेत राहतात. कोकणातील व पूर्व विदर्भातील भातशेतकऱ्यांना परिचित असलेला हिरवा नाकतोडा याच प्रकारचा. त्याची मादी पावसाळ्याच्या अखेरीस बांधाच्या मातीत अंडी घालते. ती अंडी हिवाळा व उन्हाळा तशीच पडून राहतात आणि पुढील पावसाने माती भिजल्यावर पिल्ले बाहेर पडतात. वर्षाला पिढी एकच. असा कीटक पेटीत कितीही निगुतीने ठेवला, तरी रोजचा पुरवठा त्याच्याकडून होणार नाही. वाळवंटी टोळाच्या अंड्यांना अशी सक्तीची विश्रांती नसते. स्थलांतरी टोळाच्या उष्ण कटिबंधातील वाणांचेही तसेच. ऊब व ओल मिळाली, की वाढ सुरू होते. म्हणून पिढीमागून पिढी, ऋतूची वाट न पाहता घेता येते. शेतकऱ्याला जो गुण घातक, तोच पाळणाऱ्याला सोयीचा.

पेटी, वाळू आणि ऊब

घरगुती टोळपालनाची पेटी साधी असते. लांबी, रुंदी व उंची सुमारे ४५ सेंटिमीटर, समोर काच, हवा खेळण्यासाठी वर किंवा बाजूला जाळी आणि हात आत घालण्यापुरते दार. जाळी धातूचीच असावी लागते. प्लॅस्टिकची किंवा कापडी जाळी टोळ कुरतडून टाकतात आणि त्यानंतर घरातील माणसांवर टोळ गोळा करीत फिरण्याची वेळ येते. आत काटक्या किंवा जाळीचा उभा तुकडा ठेवणे अत्यावश्यक असते. टोळाला कात टाकताना उलटे लोंबकळावे लागते. तशी जागा न मिळाल्यास जुनी कात अडकते, पाय व पंख वेडेवाकडे होतात आणि असा कीटक बहुधा जगत नाही.

उष्णता हा या पालनाचा प्राण होय. दिवसा ३० ते ३५ अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून काही अंश कमी तापमान ठेवावे लागते. पूर्वी हे काम पेटीत लावलेला ४० किंवा ६० वॉटचा साधा दिवा भागवीत असे. प्रकाश आणि ऊब दोन्ही त्यातूनच मिळे. युरोपीय संघाने २००९ पासून हे दिवे टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून घेतले. नव्या दिव्यांना वीज कमी लागते ती त्यांच्यातून उष्णता फारशी वाया जात नाही म्हणून. परंतु टोळ पाळणाऱ्याला नेमकी ती ‘वाया जाणारी’ उष्णताच हवी होती. आता चिनीमातीचे तापक किंवा उष्णता देणाऱ्या तारा वापरल्या जातात. तापमान पंचविसाच्या खाली गेल्यास टोळ मरत नाहीत, पण वाढ रेंगाळते, खाणे कमी होते आणि अंडी घालणे थांबल्यासारखे होते.

अंडी घालण्यासाठी पेटीच्या तळाशी सुमारे १० सेंटिमीटर खोलीची काचेची बरणी किंवा उभा डबा काठोकाठ ओल्या वाळूने भरून ठेवतात. वाळू धुऊन, भाजून निर्जंतुक केलेली असावी. शंभर भाग वाळूस पंधरा भाग पाणी हे प्रमाण प्रयोगशाळांत रूढ आहे. मुठीत दाबली असता लाडवासारखी बसावी, पण पाणी निथळू नये, अशी तिची परीक्षा. वाळू कोरडी असल्यास मादी चाचपून निघून जाते. चिखल झाल्यास अंडी कुजतात.

नर-मादी ओळखणे कठीण नाही. नर आकाराने लहान असून त्याच्या पोटाचे टोक गुळगुळीत, होडीच्या नाळेसारखे असते. मादीच्या टोकाशी चार आखूड व टणक काटे दिसतात. या काट्यांनीच ती वाळू उकरते. उकरताना तिचे पोट दुर्बिणीच्या नळीप्रमाणे लांबत जाते आणि मूळ लांबीच्या जवळजवळ दुप्पट होते. तळाशी अंड्यांचा पुंजका ठेवून ती वरची पोकळी फेसाने भरते. हा फेस वाळून बुचासारखा बसतो आणि पिल्लांना वर येण्याची वाट राखून ठेवतो. काचेच्या बरणीला टेकून घातलेला पुंजका बाहेरून दिसतो. तांदळाच्या दाण्यांसारखी पिवळसर अंडी तिरकी रचलेली असतात. दाटीत वाढलेली वाळवंटी मादी एका पुंजक्यात साधारणपणे ६० ते ८० अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा नवा पुंजका घालते.

पुंजके मिळाल्यावर बरणी झाकण लावून वेगळ्या उबदार जागी हलवितात. अंडी वाळूतील पाणी शोषून घेतात व चांगलीच फुगतात; म्हणून वाळू सुकू देता कामा नये. ३० अंशांच्या पुढे तापमान राखल्यास सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. प्रथम वर येतो तो अळीसारखा वळवळणारा जीव; पृष्ठभागावर येताच तो पातळ आवरण टाकतो आणि पाऊण सेंटिमीटर लांबीचे फिकट पिल्लू उभे राहते. काही तासांत ते काळे पडते. एका सकाळी बरणी रिकामी दिसावी आणि दुसऱ्या सकाळी तिच्या कडेने शंभर-सव्वाशे काळे ठिपके उड्या मारीत असावेत, असा हा देखावा असतो.

पुढील चार ते पाच आठवड्यांत पिल्लू पाच वेळा कात टाकते व पाचव्या वेळी पंख फुटून प्रौढ होते. प्रौढ झाल्यावर वीण सुरू होण्यास आणखी दोन ते चार आठवडे जातात. दाटीत वाढलेले नर या काळात पिवळेधमक होतात. वसाहत विणीला आली, याची ती खूण. दाटी आणि रंग यांच्या या संबंधामागील यंत्रणा शोधताना इंग्लंडमधील शास्त्रज्ञांना असे आढळले, की एकाकी टोळाच्या मागील पायांना काही तास वारंवार स्पर्श होत राहिल्यास तो थव्यात मिसळू पाहू लागतो. या बदलास सेरोटोनिन नावाचे चेतासंस्थेतील द्रव्य कारणीभूत असल्याचे २००९ साली सिद्ध झाले.

खाद्यात ताजे गवत आणि गव्हाचा कोंडा एवढे पुरते. पाणी निराळे ठेवण्याची गरज नसते; ते गवतातूनच मिळते. स्थलांतरी टोळ तर गवतवर्गीय वनस्पतींखेरीज इतर पाला सहसा खात नाही. गवत रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेल्या हिरवळीवरचे नसावे. हिवाळ्यात गवत मिळेनासे झाले, की पाळणारे लोक खिडकीपाशी थाळ्यांत गहू पेरतात आणि आठ-दहा दिवसांचे पोपटी अंकुर कापून घालतात. आपल्याकडे घटस्थापनेला पेरतात तसेच हे गहू. फक्त थाळी दर दोन दिवसांनी नवी पेरावी लागते. शिळे गवत व विष्ठा रोज काढणे हे कंटाळवाणे काम आहे, परंतु त्यात कुचराई केल्यास पेटीत बुरशी धरते आणि वसाहत आठवड्यात बसते. खाद्य कमी पडल्यास टोळ एकमेकांना खातात; नुकतीच कात टाकलेला, मऊ पडलेला टोळ प्रथम बळी जातो.

एका सरड्याचा हिशेब

पूर्ण वाढ झालेल्या येमेनी घोयऱ्याला एक दिवसाआड पाच मध्यम आकाराचे टोळ द्यावयाचे ठरविले, तर महिन्याला पंचाहत्तर आणि वर्षाला नऊशेहून अधिक टोळ लागतील. चांगल्या निगराणीत हा सरडा पाच-सहा वर्षे जगतो. म्हणजे त्याच्या आयुष्यभराचा शिधा साडेचार हजारांच्या घरात जातो. पिल्लू असताना तर तो रोज खातो आणि एका दिवसात डझनावारी बारीक कीटक फस्त करतो.

एका पुंजक्यातील ७० अंड्यांपैकी निम्मी पिल्ले उपयोगी आकारापर्यंत पोहोचतात असे धरले, तर महिन्याला दोन ते तीन पुंजके पुरेसे होतात. परंतु ही वसाहत खंडित न होता चालण्यासाठी वेगवेगळ्या वयाच्या तीन पेट्या लागतात : एक विणीच्या प्रौढांची, एक वाढत्या पिल्लांची आणि एक बरण्यांची. प्रत्येक पिढीतील काही टोळ सरड्याला न देता विणीसाठी राखून ठेवावे लागतात. नवशिके पाळणारे येथेच चुकतात. वसाहत भरभराटीला आली म्हणून मोठे टोळ सढळ हाताने खाऊ घालतात आणि दोन महिन्यांनी बियाणेच खाल्ल्याचे त्यांच्या लक्षात येते. अंड्यापासून पुढील अंड्यापर्यंतचे चक्र सुमारे अडीच महिन्यांचे असल्याने ही चूक लवकर भरून निघत नाही.

प्रौढ टोळ रोज आपल्या वजनाइतका, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम पाला खातो. पेटीतील चाळीस टोळांना रोज ८० ग्रॅम गवत लागेल, हे कोणत्याही घराला झेपण्यासारखे आहे. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात आठ कोटींपर्यंत टोळ असू शकतात आणि असा थवा दिवसाला ३५ हजार माणसांना पुरेल एवढे अन्न फस्त करतो, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. आकडे बदलले, की त्याच सवयीचे संकट होते.

पोट भरले तरी मुडदूस

केवळ टोळ खाऊ घालून घोयरा निरोगी राहत नाही. कीटकांच्या शरीरात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम फार कमी असते, तर सरड्याला फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम हवे असते. निसर्गात तो अनेक प्रकारचे कीटक खातो आणि उन्हात बसतो. पेटीत यांपैकी काहीच आपोआप घडत नाही. परिणामी हाडे मऊ होतात, पाय वाकतात, जबडा लवचिक होतो आणि जीभ फेकण्याची शक्ती जाते. लहान मुलांना होणाऱ्या मुडदुसाचाच हा प्रकार. बंदिवासातील घोयरे दगावण्याच्या प्रमुख कारणांत या विकाराची गणना होते, आणि अंड्यांवर आलेल्या माद्या त्यास अधिक लवकर बळी पडतात.

यावरील उपाय दोन प्रकारचे आहेत. टोळ सरड्याला देण्यापूर्वी एक-दोन दिवस त्यांना सकस हिरवा पाला व गाजर खाऊ घालतात. टोळाच्या पोटातील हे अन्न सरड्याच्या पोटात जाते. त्यानंतर टोळ कॅल्शियमच्या बारीक भुकटीत घोळवून लगेच पेटीत सोडतात. याशिवाय ड जीवनसत्त्व शरीरात तयार होण्यासाठी अतिनील किरण देणारा विशेष दिवा लावावा लागतो. काचेच्या खिडकीतून येणारे ऊन याकामी निरुपयोगी ठरते, कारण हवे असलेले किरण काच अडविते. कीटकाचा आकार सरड्याच्या डोक्याच्या रुंदीहून मोठा नसावा, आणि मोठा टोळ द्यावयाचा झाल्यास त्याचे काटेरी मागील पाय काढून टाकावेत, असा अनुभवी पाळणाऱ्यांचा संकेत आहे. घोयरा भांड्यातील पाणी सहसा पीत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. एकाच प्रकारचे खाद्य सतत मिळाल्यास तो खाणेच बंद करतो, असाही अनेकांचा अनुभव आहे. म्हणून टोळांच्या जोडीला रातकिडे व एका जातीची झुरळेही पाळली जातात. एका सरड्यासाठी सुरू झालेला हा संसार पाहता पाहता तीन-चार प्रकारच्या कीटकांपर्यंत वाढतो.

पाळणाऱ्याला सोसावे लागणारे

टोळांच्या विष्ठेची व कातीची धूळ हवेत उडते. टोळांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतील कर्मचाऱ्यांत शिंका, डोळ्यांची आग, अंगावर पित्त उठणे आणि दमा या तक्रारी आढळून आल्या आहेत. घरात दम्याचा रुग्ण असल्यास निजण्याच्या खोलीत अशी पेटी ठेवणे सर्वथा अयोग्य होय. वसाहतीलाही रोग होतात. टोळांच्या उत्सर्जक नलिकांत वाढणारा एक अमीबा प्रयोगशाळांना दीर्घकाळ सतावीत आला आहे. तो विष्ठेतून पसरतो. रातकिड्यांची स्थिती याहून वाईट झाली. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील रातकिड्यांच्या पैदास केंद्रांत एका विषाणूची साथ येऊन काही केंद्रे बंद पडली.

पेटीतील वाळू किंवा कचरा बाहेर फेकण्यापूर्वी गोठवून किंवा भाजून घ्यावा लागतो, कारण त्यात अंडी राहिलेली असू शकतात. ब्रिटनमध्ये निसटलेला टोळ तेथील थंडीत तग धरीत नाही, म्हणून तेथे तो दुकानात खुलेपणाने मिळू शकतो. अमेरिकेत मात्र परदेशी टोळ परवान्याशिवाय आणण्यास बंदी असून तेथील सरडे पाळणारे रातकिड्यांवरच भिस्त ठेवतात. आपल्या देशाची स्थिती आणखी वेगळी आहे. वाळवंटी टोळ राजस्थान व गुजरातच्या सरहद्दीवरून स्वतःहून येतो आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी टोळ इशारा संघटना १९३९ पासून कार्यरत आहे. परदेशातून जिवंत कीटक आणण्यास २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशान्वये परवानगी घ्यावी लागते.

आपल्याकडील घोयरा

युरोपातील ही हौस पाहून महाराष्ट्रातही काही तरुणांना घोयरा पाळण्याचा मोह होतो. याबाबत कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. भारतीय घोयऱ्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून तो पकडणे, घरात ठेवणे अथवा विकणे हा गुन्हा आहे. परदेशी घोयऱ्यांच्या बहुतेक जाती वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहेत. अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली असून तिच्या अन्वये अशा प्राण्यांची नोंद करणे धारकावर बंधनकारक आहे. मित्राकडून भेट मिळाला, ही सबब त्यापुढे टिकत नाही.

गावाकडे घोयऱ्याला भीती फार भोवते. तो विषारी असल्याचा समज अनेक ठिकाणी दृढ आहे आणि झाडावरून खाली उतरलेला, डुलत डुलत संथपणे चालणारा हा प्राणी काठीच्या एका फटक्याने मारला जातो. वास्तविक त्याला विष नसते. तो जमिनीवर येतो तो बहुधा एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाण्यासाठी, आणि मादी असल्यास मऊ मातीत खड्डा करून अंडी घालण्यासाठी. अशा वेळी त्यास वाट द्यावी. जखमी असल्यास वन विभागाच्या जवळच्या कार्यालयास कळवावे. जखमी घोयऱ्यावर उपचार सुरू असताना त्याला जगविण्याचा प्रश्न पुन्हा जिवंत कीटकांपाशीच येऊन ठेपतो, आणि तेथे वर वर्णिलेली भुकटीची, थेंबांच्या पाण्याची व योग्य आकाराच्या भक्ष्याची माहिती उपयोगी पडते. अशा वेळी नाकतोडे फवारणी न झालेल्या माळावरूनच गोळा केलेले असावेत.

ज्या शाळांना कीटकाचे जीवनचक्र विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावयाचे असेल, त्यांना टोळाची किंवा घोयऱ्याची आवश्यकता नाही. पाऊस सुरू झाल्यानंतरच्या दिवसांत भाताच्या बांधावरील गवतात हिरव्या नाकतोड्याची बिनपंखांची बारीक पिल्ले दिसू लागतात. तोंडाला जाळी बांधलेल्या काचेच्या बरणीत आठ-दहा पिल्ले, उभ्या दोन काटक्या आणि रोज ताजे गवत एवढी सामग्री पुरते. पिल्लू काटकीला उलटे लोंबकळून कात टाकू लागले, की ती क्रिया पूर्ण होईपर्यंत बरणी हलवू नये. हा नाकतोडा भाताचा शत्रू असल्याने निरीक्षण संपल्यावर त्याला पुन्हा शेतात सोडू नये. बांधावर जी अंडी राहतात त्यांच्यासाठी उन्हाळ्यात बांध खरवडून माती उघडी करण्याचा उपाय शेतकरी करतातच. उघडी पडलेली अंडी उन्हाने वाळतात आणि उरलेली पक्षी टिपतात.